'दि रुमाह' की 'दिरुमाह'? इंडोनेशियन शिकणाऱ्या मुलांच्या वहीतल्या चुका

या वेळच्या सदरात आलेले प्रश्न एकाच विषयाभोवती आहेत: माध्यमिक शाळेत बहासा इंडोनेशिया शिकणारी मुलं आणि त्यांच्या वहीतली लाल शाई. बहुतेक प्रश्न इंडोनेशियातल्या मराठी पालकांचे आहेत, एक मेलबर्नहून आला आहे.

वाचण्याआधी एक सूचना. चर्चा बरीचशी स्पेलिंगची असल्यामुळे इंडोनेशियन शब्द इथे स्पेलिंगबरहुकूम देवनागरीत दिले आहेत. 'ए'ची मात्रा दिसेल तिथे प्रत्यक्ष उच्चार पुष्कळदा आपल्या 'अ'सारखा हलका असतो. 'बेसार' (मोठा) हा शब्द कानाला 'बसार' असा ऐकू येतो.

मुलगी आठवीत, इंडोनेशियन माध्यमाच्या शाळेत आहे. निबंधात तिच्या 'दि'भोवती हमखास लाल गोल असतो. कधी शब्द तोडला म्हणून, कधी जोडला म्हणून. नेमका नियम काय? (जकार्ता)

इंडोनेशियन शाळांतल्या वह्यांमधली ही सर्वात नेहमीची चूक आहे आणि ती परदेशी मुलांपुरती मुळीच नाही. ज्यांची घरची भाषाच इंडोनेशियन आहे अशी मुलंही ती करतात.

'दि' दोन आहेत. एक आपल्या '-त' किंवा '-मध्ये'सारखा, ठिकाण सांगणारा. तो सुटा लिहायचा: दि रुमाह (घरात), दि सेकोलाह (शाळेत), दि आतास (वर), दि सिनी (इथे), दि माना (कुठे). दुसरा क्रियापदाला लागणारा कर्मणी उपसर्ग. तो जोडून लिहायचा: दितुलिस (लिहिलं जातं), दिबाचा (वाचलं जातं), दिजुआल (विकलं जातं).

मुलीला एकच कसोटी शिकवा. 'दि'च्या जागी 'मे-'वालं कर्तरी रूप बसतं का ते पाहायचं. दितुलिस–मेनुलिस, दिबाचा–मेम्बाचा: जोडी मिळाली, म्हणजे शब्द जोडून. 'रुमाह'ची अशी जोडी मिळत नाही, म्हणून 'दि रुमाह' सुटं. ही कसोटी अवघड जागीही टिकते. 'दिरुमाहकान' म्हणजे 'कामावरून कमी करून घरी बसवलं गेलं'. त्याला 'मेरुमाहकान' ही जोडी आहे, म्हणून तो शब्द जोडून लिहायचा. मुळात 'रुमाह' तोच, पण काम वेगळं.

'के'चंही असंच आहे. के सेकोलाह (शाळेकडे) सुटं. 'केलुआर' आणि 'के लुआर' मात्र दोन्ही बरोबर आहेत आणि अर्थ निराळे आहेत. केलुआर म्हणजे बाहेर पडणं, त्याच्या उलट मासुक (आत येणं). के लुआर म्हणजे बाहेरच्या दिशेला, त्याच्या उलट के दालाम. विरुद्धार्थी शब्द आठवला की तोडायचं की जोडायचं ते कळतं. केपादा आणि दारिपादा हे शब्द नेहमी जोडूनच.

चूक इतकी घट्ट का बसली, याला इतिहास आहे. 1947च्या स्पेलिंग-पद्धतीत दोन्ही 'दि' जोडूनच लिहीत. 1972च्या सुधारित पद्धतीने ठिकाणाचा 'दि' वेगळा केला. बोलताना तर दोन्हींत काहीच फरक नाही. शिवाय रस्त्यावरच्या पाट्या मुलांना रोज उलटं शिकवतात. विकायच्या घरावर 'दि जुआल' असं तोडून लिहिलेलं असतं आणि भाड्याच्या घरावर 'दिकोन्त्राकान'. मूळ शब्द 'कोन्त्राक', प्रत्यय '-कान', म्हणजे दोन 'क' हवेत: दिकोन्त्राक्कान. अशा पाट्यांचे फोटो काढून दुरुस्त करायला लावणं हा आमच्या मते याच चुकीवरचा सर्वात चांगला स्वाध्याय आहे.

मुलाला 'मे-' उपसर्गाची रूपं पाठच होत नाहीत. 'मेम्पुकुल', 'मेन्तुलिस' असं लिहितो. शिक्षिका 'का-ते-एस-पे' म्हणून काही सांगतात, ते आम्हाला कळलं नाही. (सुराबाया)

मराठी मुलाला इथे एक मोठी सोय आहे आणि ती सहसा वापरली जात नाही. त्याला देवनागरीची वर्णमाला येते.

उपसर्गातलं अनुनासिक मूळ शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या वर्गाप्रमाणे बदलतं. अंक म्हणजे अङ्क, पंच म्हणजे पञ्च, अंत म्हणजे अन्त, अंबा म्हणजे अम्बा. हे परसवर्ण त्याने शाळेत केलेले असतील तर काम निम्मं झालं. प-वर्गाआधी म: बाचा–मेम्बाचा (वाचणं). त-वर्गाआधी न: देङार–मेन्देङार (ऐकणं). क-वर्गाआधी ङ: गाली–मेङ्गाली (खणणं). स्वरांआधी आणि 'ह'आधीही ङ: आम्बिल–मेङाम्बिल (घेणं). ल, र, म, न, व, य यांच्याआधी काहीच नाही, नुसतं 'मे': लिहात–मेलिहात (पाहणं), मासाक–मेमासाक (शिजवणं). मूळ शब्दात उच्चाराचा एकच अवयव (सिलॅबल) असेल तर 'मेङे': चात–मेङेचात (रंग लावणं).

आता 'का-ते-एस-पे'. ही क, त, स, प या अक्षरांची इंडोनेशियन नावं. मूळ शब्द यांपैकी एखाद्याने सुरू होत असेल तर ते अक्षर गळून जातं आणि त्याची जागा अनुनासिक घेतं:

किरिम–मेङिरिम (पाठवणं), तुलिस–मेनुलिस (लिहिणं), सापु–मेञापु (झाडणं), पुकुल–मेमुकुल (मारणं).

तुमचा मुलगा अनुनासिक बरोबर निवडतो आहे, फक्त पुढचं अक्षर गाळायला विसरतो. म्हणजे नियमाचा पहिला अर्धा भाग त्याला येतो. त्याला तसं सांगा, म्हणजे तो सगळंच नव्याने पाठ करत बसणार नाही.

इथून पुढे अपवाद सुरू होतात आणि परीक्षेत प्रश्न त्यांवरच येतात. मूळ शब्द जोडाक्षराने सुरू होत असेल तर काही गळत नाही: मेङ्क्रितिक (टीका करणं), मेम्प्रोसेस (प्रक्रिया करणं), मेन्त्राक्तिर (दुसऱ्याला खाऊ घालणं). परका शब्द असला तरी साध्या व्यंजनाने सुरू होत असेल तर अक्षर गळतं, म्हणून मेङोन्सुम्सी (सेवन करणं) बरोबर आणि मेङ्कोन्सुम्सी चूक. 'पेङारुह' म्हणजे प्रभाव, त्याचं क्रियापद मेमेङारुही. 'मेम्पेङारुही' हे रूप शिकलेली मोठी माणसंही सर्रास लिहितात, त्यामुळे मुलाला त्यासाठी फार बोलू नका.

मग 'मेम्पेर्हातिकान' (लक्ष देणं) यात 'प' कसा राहिला? तिथे मूळ शब्द 'हाती' (मन) आहे आणि 'पेर' हा दुसऱ्या उपसर्गाचा तुकडा आहे. गळणारा 'प' मूळ शब्दाचा असावा लागतो. 'मेम्पुञाइ' (जवळ असणं) यातला 'प' टिकतो, कारण 'पुञा' हा शब्द मुळात 'एम्पुञा' होता. 'काजी'ची तर दोन रूपं आहेत: मेङ्काजी म्हणजे बारकाईने अभ्यासणं, मेङाजी म्हणजे कुराणपठण करणं.

एक चूक मात्र खास देवनागरी येणाऱ्या मुलाची. 'चारी' (शोधणं) याचं रूप ऐकताना स्पष्ट 'मेञ्चारी' असं ऐकू येतं आणि वर्णमालेप्रमाणे ते योग्यही आहे. इंडोनेशियन स्पेलिंगमध्ये मात्र च आणि ज यांच्याआधी साधा 'न' लिहितात, 'ञ'ची दोन रोमन अक्षरं (ny) लिहीत नाहीत. आणि क, त, स, प यांच्यासारखा अघोष असूनही 'च' गळत नाही.

शब्दकोशात शोधायची सवयही इथेच लावा. इंडोनेशियाचा अधिकृत शब्दकोश 'कामुस बेसार बहासा इंडोनेशिया' मूळ शब्दाखाली साधित शब्द देतो. 'बदलणं' हा शब्द घ्या. मुलं 'मेरुबाह' लिहितात. त्याचा मूळ शब्द काढायला गेलं की 'रुबाह' मिळतो आणि रुबाह म्हणजे कोल्हा! बदलाचा मूळ शब्द 'उबाह', म्हणून मेङुबाह. कोशात एकदा शोधलं की ही चूक परत होत नाही.

इंडोनेशियनमध्ये संस्कृतातून आलेले पुष्कळ शब्द घरी ओळखीचे वाटतात. तरी मुलीचे अर्थ चुकतात. (बांडुंग)

ओळखीचे वाटतात म्हणूनच चुकतात. अनोळखी शब्दासाठी मूल कोश उघडतं, ओळखीच्या शब्दासाठी उघडत नाही.

'देसा' म्हणजे खेडं. 'देसा साया इंडिया' लिहिलं तर 'माझं खेडं इंडिया' असा अर्थ होतो. देशाला 'नेगारा' म्हणतात, तो आपल्या 'नगर'वरून गेलेला शब्द. 'चिन्ता' म्हणजे प्रेम, 'दोसा' म्हणजे पाप, 'सास्त्रा' म्हणजे साहित्य. 'बिचारा' म्हणजे बोलणं, मूळ 'विचार'. 'बिआसा' म्हणजे नेहमीचं, मूळ 'अभ्यास'. पण शाळेच्या अभ्यासाला 'बेलाजार'. 'आचारा' म्हणजे कार्यक्रम. 'उपाचारा' म्हणजे समारंभ, आणि सोमवारी सकाळी शाळेच्या मैदानावर होणारं ध्वजवंदन म्हणजे 'उपाचारा बेन्देरा'. 'इस्त्री' म्हणजे बायको. कपड्यांच्या इस्त्रीला डचवरून आलेला 'सेत्रिका' शब्द आहे.

स्पेलिंगमध्येही मराठी कान आडवा येतो. मुलं भाषा, भूमी आठवून 'ह' घुसवतात. इंडोनेशियनमध्ये बहुतेक शब्दांतले महाप्राण गेलेले आहेत: बहासा, बुमी. ठळक अपवाद देशाच्या बोधवाक्याचा: 'भिन्नेका तुङ्गाल इका'. चौदाव्या शतकातल्या म्पू तांतुलार यांच्या 'सुतसोम' काव्यातलं हे वचन आहे. इंडोनेशियन मुलं इथे एकच 'न' लिहून गुण घालवतात. तुमच्या मुलीला 'भिन्न + इका' ही संधी दाखवा. अ आणि इ मिळून ए झाला, 'न्न' जागच्या जागी राहिला. तिला दोन 'न' पाठ करावेच लागणार नाहीत.

17 ऑगस्टच्या, म्हणजे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनाच्या, फलकावरची चूकही तिलाच सर्वांत आधी कळायला हवी. 'दिर्गाहायु' म्हणजे आपलं 'दीर्घायू', दीर्घायुष्य लाभो. तो आशीर्वाद देशाला द्यायचा, वाढदिवसाला नव्हे. म्हणून 'दिर्गाहायु वाढदिवस' अशी रचना चुकीची ठरते. क्रमांकाची जागाही पाहावी. 'हुत' म्हणजे 'हारी उलाङ ताहुन', वाढदिवस. 'एर-ई' म्हणजे 'रेपुब्लिक इंडोनेशिया'. 'हुत के-80 एर-ई' म्हणजे प्रजासत्ताकाचा 80वा वाढदिवस. 'हुत एर-ई के-80' लिहिलं तर वाचणाऱ्याला 80व्या प्रजासत्ताकाचा वाढदिवस वाटतो.

मुलगा मित्रांशी फडाफडा बोलतो, निबंधात मात्र नापास. असं कसं? (बेकासी)

कारण मैदानावरची इंडोनेशियन आणि वहीतली इंडोनेशियन यांत बरंच अंतर आहे. जकार्ता परिसरात मुलं 'तिदाक' (नाही) ऐवजी 'ङ्गाक' म्हणतात, 'मेनुलिस'चं 'नुलिस' करतात, 'बेलिकान' (विकत आणून दे) याचं 'बेलिइन'. यातलं काहीही बोलताना चूक नाही. वहीत आलं की चूक. मुलाला बोलण्यावरून टोकू नका. एका कागदावर डावीकडे मैदानातला शब्द आणि उजवीकडे वहीतला, असे चाळीसेक शब्द त्याच्याकडूनच लिहून घ्या.

त्यात एक चूक जावानीज वळणाची असते. 'बुकुञा आनी' (आनीचं पुस्तक) असं पुष्कळ जण बोलतात. जावानीजमध्ये 'बुकुने आनी' म्हणतात, त्याची ही सावली. प्रमाण रूप नुसतं 'बुकु आनी'. मराठी मूल इथे दुहेरी अडकतं, कारण त्याला 'चा-ची-चे'साठी काहीतरी हवंच असतं आणि '-ञा' आयता मिळतो. मालक नावानिशी पुढे असेल तर '-ञा' नको, हे सांगावं.

शिक्षकांना उद्देशून 'कामु' तर नकोच, 'आन्दा'ही नको. 'बापाक' किंवा 'इबु' म्हणायचं, चिठ्ठीतसुद्धा. आणि 'सेलामात पागी, बु' यात 'बु'च्या आधी स्वल्पविराम हवा.

मेलबर्नमध्ये मुलगी नववीत इंडोनेशियन शिकते. घरी मराठी, शाळेत इंग्रजी. तिच्या चुका नेमक्या कुठून येतात?

दोन्हीकडून, आणि त्या वेगळ्या काढता येतात.

इंग्रजीकडून येतो तो मुख्यतः 'आदालाह'. इंग्रजी वाक्यात 'आहे' असेल तिथे मुलं तो घालतात: 'साया आदालाह लापार' (मी भुकेली आहे). हे चूक. विशेषणाआधी आणि क्रियापदाआधी 'आदालाह' येत नाही. नुसतं 'साया लापार' पुरे. दोन नामांच्या मध्ये तो चालतो, तिथेही बहुतेकदा गाळता येतो. दुसरी इंग्रजी चूक वाराआधीच्या 'दि'ची. वेळेसाठी 'पादा' हवा: पादा हारी सेनिन (सोमवारी).

मराठीकडून येतो शब्दांचा क्रम. आपण 'निळा सदरा' म्हणतो, इंडोनेशियनमध्ये आधी सदरा, मग निळा: बाजु बिरु. 'हे माझं मोठं घर' याचा क्रम जवळजवळ उलटा होतो: रुमाह बेसार साया इनी. आणि नकार. मराठीत 'मी शिक्षक नाही' आणि 'मी जात नाही' दोन्हीकडे 'नाही' चालतं. इंडोनेशियनमध्ये नामाला 'बुकान', क्रियापदाला आणि विशेषणाला 'तिदाक': साया बुकान गुरु, साया तिदाक पेर्गी. 'अजून नाही'साठी तिसरा शब्द आहे, 'बेलुम'. 'नको, करू नकोस' यासाठी 'जाङान'. तो आपल्या मुलांना लगेच कळतो.

तसाच एक फायदा ठळकपणे मुलीला सांगा. इंग्रजी बोलणारी तिच्या वर्गातली मुलं 'कामी' आणि 'किता' यांत गोंधळतात. तिला ते आईच्या भाषेतूनच मिळालेलं आहे: कामी म्हणजे आम्ही, किता म्हणजे आपण. मुख्याध्यापकांना आमंत्रण लिहिताना 'आम्ही नववीचे विद्यार्थी', म्हणजे 'कामी'. 'किता' लिहिलं तर बोलावणाऱ्यांत मुख्याध्यापकही आले. फक्त तिला सावध करा की आपण 'आपण' हा शब्द आदरार्थी 'तुम्ही'साठीही वापरतो. 'किता'ला तो अर्थ नाही.

'बुकु इतु साया सुदाह बाचा' (ते पुस्तक मी वाचलंय) यात काय चुकलं? (जकार्ता)

'सुदाह'ची जागा. या रचनेत 'साया' आणि 'बाचा' यांच्यामध्ये काहीही शिरू शकत नाही. सुदाह, आकान, बेलुम, तिदाक हे सगळे 'साया'च्या आधी: बुकु इतु सुदाह साया बाचा. 'दिबाचा ओलेह साया' असंही मुलं लिहितात. 'ओलेह' (-कडून) तिसऱ्या पुरुषाबरोबर शोभतो, 'मी' आणि 'तू' यांच्याबरोबर नाही.

काही शब्दांची स्पेलिंगं सतत चुकतात. यादी आहे का? (तांगेरांग)

पाठ करायची यादी लांबलचक होईल, त्यापेक्षा गट करा. 'सिलाकान' (कृपया) यात 'ह' नाही, मूळ 'सिला'. 'आक्तिफ'मध्ये फ, पण 'आक्तिवितास'मध्ये व, कारण तो लांब शब्द पुरा परभाषेतून घेतला आहे, 'आक्तिफ'ला प्रत्यय जोडून केलेला नाही. क्रेआतिफ–क्रेआतिवितासचंही तसंच. इझिन, इजाझाह, झामान (जमाना) यांत 'झ'च्या जागी ज नको. रिसिको, प्राक्तिक, आपोतेक, नासिहात यांतले स्वर जपावेत. 'बेकेर्जा' (काम करणं) यात 'बे'नंतर र नाही.

उच्चारातून येणारी एक जोडीही आहे. 'ताङान' (हात) यात नुसता ङ, 'ताङ्गा' (जिना) यात ङ आणि ग दोन्ही. मराठीत ङ एकटा येत नाही, त्यामुळे मूल 'तांगान' म्हणतं आणि जादा 'ग' लिहितं. उच्चार आधी सुधारा.

द्विरुक्ती हा वेगळा आजार. 'पारा सिस्वा-सिस्वा', 'आगार सुपाया', 'आदालाह मेरुपाकान' हे सगळे पिवळे पीतांबर. दोहोंपैकी एकच शब्द ठेवायचा.

आकड्यांत दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांना टिंब, म्हणजे पंचवीस हजार रुपिया लिहायचे 'आर-पी 25.000', मधे जागा न सोडता आणि 'आर-पी'नंतर टिंब न देता. ही चूक गणिताच्या पेपरातही महागात पडते.

घरी तपासताना पद्धत काय ठेवावी? सगळ्या चुका दाखवल्या तर मूल लिहायचंच सोडतं. (डेपोक)

1967 साली भाषावैज्ञानिक पिट कॉर्डर यांनी एक भेद मांडला, तो इथे फार कामाचा आहे: घाईत झालेली घसरण आणि नियमच चुकीचा बसल्यामुळे होणारी चूक. ओळखायचं असं. चुकीच्या ओळीशेजारी समासात नुसती खूण करा, काय चुकलं ते सांगू नका. मुलाने स्वतः दुरुस्त केलं तर ती घसरण, सोडून द्या. दुरुस्त करता आलं नाही आणि तीच गोष्ट एकाच लेखात दोन-तीनदा दिसली, तर ती शिकवायची चूक.

आठवड्याला दीडशे ते दोनशे शब्दांचा एक लेख पुरे. लिहिल्या दिवशी तपासू नका, दुसऱ्या दिवशी तपासा. वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखा: लिहिलेलं रूप, बरोबर रूप, मूळ शब्द, चूक कुठून आली. चौथा रकाना मुलाने भरायचा: मित्रांचं बोलणं, मराठी, पाटी किंवा नियम माहीत नव्हता. एका आठवड्यात एकच प्रकार हाती घ्या. 'दि'चा आठवडा असेल तर त्या आठवड्यात 'मे-'ची चूक दिसली तरी खूण करू नका. पंधरा दिवसांनी तोच लेख जुन्या प्रतीकडे न पाहता पुन्हा लिहायला लावा आणि त्या एका प्रकारच्या चुका दोन्ही प्रतींत मोजा.

सुरुवात 'दि'पासूनच करावी. नियम छोटा आहे, कसोटी एक आहे आणि प्रत्येक परिच्छेदात तो चार-सहा वेळा येतो, त्यामुळे मुलाला फरक पहिल्या पंधरवड्यातच स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.